नोंद एकाची, निर्णय दुसऱ्याचा

पुंडलिकनगर ही बड्या उद्योगपतींची वस्ती नव्हे. शिक्षक, कारकून, लहान दुकानदार, चिकलठाणा वा वाळूज येथील कारखान्यांत पाळीने कामास जाणारा कामगार, अशा माणसांनी ती भरलेली आहे. तरीही छत्रपती संभाजीनगरातील उद्योगधंद्यांचे निर्णय कशाच्या आधाराने होतात हे पाहावयाचे असेल, तर मोठ्या कारखान्याच्या वातानुकूलित कचेरीत जाण्यापूर्वी अशा वस्तीत यावे. महिन्याची ११ तारीख जवळ आली, की येथील एखाद्या तळमजल्यावरच्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत मालवत नाही. टेबलावर बिलांच्या चळती असतात, पडद्यावर आकड्यांचे रकाने असतात आणि तीन-चार लहान कारखान्यांचे हिशेब सांभाळणारा वाणिज्य शाखेचा पदवीधर एकेक बिल नोंदवीत बसलेला असतो. ११ तारखेपर्यंत विक्रीचे विवरण वस्तू व सेवा कराच्या यंत्रणेत पोचावे लागते. १४ तारखेस त्या यंत्रणेतून खरेदीवरील कराच्या वजावटीचा तक्ता तयार होऊन येतो. २० तारखेपर्यंत कर भरावयाचा असतो. जे लहान व्यापारी तिमाही पद्धत पत्करतात त्यांच्या तारखा निराळ्या, पण धावपळ तीच.

या खोलीतून दरमहा जी माहिती बाहेर जाते ती थोडीथोडकी नाही. कोणी कोणास काय विकले, किती रुपयांस विकले, माल कोणत्या वाहनातून गेला, कर किती लागला, याची इत्थंभूत नोंद तीत असते. सरकारला ती कळते. कर्ज देणारी बँक ती मागून घेते. बड्या खरेदीदाराला तिच्यातील आपल्यापुरता भाग दिसतो. ज्याच्या शेडमध्ये हा माल तयार झाला त्या कारखानदाराला मात्र आपल्या धंद्याविषयी या साऱ्या नोंदींतून काय कळते? बहुतेक वेळा त्याला दोनच गोष्टी कळतात: या महिन्यात कर किती भरावयाचा आणि दंड लागला की नाही.

माहितीच्या यंत्रणांमुळे व्यवसायातील निर्णय अधिक अचूक होतात, हे विधान आता शालेय पाठ्यपुस्तकापासून व्यवस्थापनाच्या पदवीपर्यंत सर्वत्र शिकविले जाते. ते खोटे नाही; पण अपुरे आहे. निर्णय कोणाचे, हा प्रश्न ते गाळते. यंत्रणा जितकी मोठी, तितके नोंद करणाऱ्याचे आणि निर्णय घेणाऱ्याचे अंतर वाढत गेले आहे, आणि या अंतराचा जाच ज्यांना होतो ते मुख्यतः पुंडलिकनगरासारख्या वस्त्यांत राहतात.

वास्तविक माहितीची व्यवस्था ही संगणकाबरोबर जन्माला आलेली वस्तू नव्हे. रोजकीर्द आणि खतावणी ही माहितीचीच व्यवस्था होती. दिवसभरात जे घडले ते घडले त्या क्रमाने रोजकिर्दीत लिहावयाचे आणि मग प्रत्येकाच्या खात्यावर ते चढवावयाचे, या दोन क्रियांत व्यापाऱ्याला हव्या असलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे दडलेली असत. गल्लीतला किराणा दुकानदार आजही उधारीच्या वहीवर आपले सर्वांत कठीण निर्णय घेतो. कोणाचे येणे किती दिवस राहिले, कोणाचा पगार किती तारखेस होतो, कोणाच्या घरात आजारपण आहे, कोणाला आणखी महिनाभर सांभाळून घ्यावयाचे आणि कोणाला आता नाही म्हणावयाचे, हे तो वही उघडून ठरवितो. त्याच्या वहीत आकडा असतो आणि डोक्यात त्या आकड्याचा अर्थ असतो. नोंद करणारा हात आणि निर्णय घेणारे डोके एकाच माणसाचे असल्यामुळे ही व्यवस्था कितीही ओबडधोबड असली तरी फसत नाही.

राज्यकारभारात याच गोष्टीला निराळे परिमाण लाभले होते. फडणीस हा शब्द फारसीतील फर्दनवीस यावरून आला. फर्द म्हणजे कागदाचा ताव किंवा याद, आणि ती लिहिणारा तो फर्दनवीस. म्हणजे मुळात लेखनिकच. पेशवाईच्या उत्तरार्धात नाना फडणीस कारभाराचे सूत्रधार झाले, त्यामागे त्यांची बुद्धिमत्ता होती हे खरेच. परंतु दौलतीचा सारा जमाखर्च ज्या दप्तरात होता त्या दप्तरावर त्यांची मांड होती, हेही विसरता येत नाही. आजच्या हिशेबनिसाकडे दप्तर आहे, पण मांड नाही. असो.

कारखानदारीत या विचाराचे सर्वांत सुंदर उदाहरण जपानमधील टोयोटा कंपनीने घालून दिले आणि त्यास आरंभी संगणकाची गरजही लागली नव्हती. ताइची ओनो या अभियंत्याने अमेरिकेतील मोठ्या स्वयंसेवी दुकानांची पद्धत ध्यानात घेतली. तेथे ग्राहक फळीवरून जेवढा माल उचलतो तेवढाच पुन्हा भरून ठेवतात. ओनोने कारखान्यात सुट्या भागांच्या प्रत्येक पेटीबरोबर एक चिठ्ठी लावली. पुढील विभागाने पेटी वापरली की चिठ्ठी मागील विभागाकडे परत जावयाची आणि तेवढेच भाग तयार करावयाचे. कानबान या नावाने ही पद्धत जगभर गेली. तिच्याकडे बचतीची युक्ती म्हणून पाहिले जाते, पण तिचे मर्म दुसरेच आहे. प्रत्यक्ष काम करणारा माणूस चिठ्ठी पाठवितो आणि त्या चिठ्ठीने उत्पादन ठरते. त्याच कारखान्यात दोष आढळल्यास साध्या कामगाराला दोरी ओढून जुळणीची रांग थांबविण्याची मुभा होती. ज्याला माहिती आधी कळते त्याला अधिकारही थोडासा द्यावा लागतो, हे टोयोटाने ओळखले होते.

छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक इतिहासात मात्र माहिती आणि निर्णय यांची गाठ कशी पडली? येथील उद्योगांना खरी गती आली ती बजाज ऑटोच्या वाळूज येथील कारखान्याने. ५ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तो काळ परवान्यांचा होता. स्कूटर नोंदवावी आणि कित्येक वर्षे वाट पाहावी, ही मध्यमवर्गाची रीतच होती. मुलगा महाविद्यालयात गेला की त्याच्या नावाने चेतक नोंदवून ठेवणारे बाप पुष्कळ होते. किती गाड्या काढावयाच्या हे सरकारी परवाना ठरवीत असे आणि त्या सर्व खपत असत. अशा अवस्थेत कारखानदाराला बाजाराविषयी फारशी माहिती लागतच नाही. प्रतीक्षायादी हाती आहे तोवर सारे आलबेल आहे असे वाटते.

परंतु प्रतीक्षायादी मागणी सांगते, पसंती सांगत नाही. १९९१ नंतर परवान्यांचा फास सैल झाला आणि रांगेत उभा राहणारा ग्राहक रांग सोडून मोटारसायकलीकडे वळला. हीरो होंडाची चारपट्टी इंजिनाची गाडी १९८५ पासूनच बाजारात होती आणि ती एका लिटरमध्ये किती किलोमीटर धावते हे गावोगावच्या शिक्षकांना आणि दूधवाल्यांना तोंडपाठ झाले होते. २००१ मध्ये ती कंपनी दुचाकी उत्पादनात जगात पहिली ठरली. बजाजने त्याच वर्षी पल्सर आणून आपला मार्ग बदलला आणि २००९ च्या डिसेंबरात स्कूटरचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. विजेवर चालणाऱ्या रूपात चेतकचे नाव पुन्हा रस्त्यावर दिसण्यास २०२० उजाडावे लागले. बजाजने हा पालट पेलला, हे त्या कंपनीचे कर्तृत्व मानलेच पाहिजे. पण ग्राहकाची आवड बदलते आहे ही बातमी प्रथम कोणास कळली असेल? विक्रेत्याच्या दुकानातील कारकुनाला. नोंदणी रद्द करून अनामत परत मागणारा माणूस त्याच्या टेबलापाशी येत होता. त्याच्या खतावणीत ‘नोंदणी रद्द’ एवढेच लिहिण्यास जागा होती. ‘का’ हे लिहिण्यास रकाना नव्हता.

या पालटात आणखी एक गोष्ट घडली व तिचा संबंध थेट चिकलठाणा आणि वाळूज येथील लहान शेडशी येतो. बड्या वाहन कंपन्यांनी सुट्या भागांच्या पुरवठादारांची संख्या पुष्कळ कमी केली. थोड्या मोठ्या पुरवठादारांकडून तयार जुळण्या घ्यावयाच्या आणि त्यांनी लहानांकडून सुटे काम करून घ्यावयाचे, अशी उतरंड तयार झाली. कंपनीची माहितीव्यवस्था ही उतरंड बांधून ठेवते. येत्या महिन्याचा आराखडा, आठवड्याचे वेळापत्रक, उद्या दुपारी किती वाजता किती नग दारात हवेत, हे सर्व पडद्यावर येते. माल साठवून ठेवण्याचा कंपनीचा खर्च त्यामुळे वाचतो. परंतु साठा नाहीसा होत नाही. तो एक पायरी खाली सरकतो. वेळापत्रक ऐनवेळी बदलले तर अडचण नको म्हणून लहान कारखानदार आपल्या शेडच्या कोपऱ्यात तयार माल रचून ठेवतो आणि त्यात अडकलेल्या पैशावर बँकेचे व्याज भरतो. वरच्या पायरीवर ज्याला कार्यक्षमता म्हणतात, ते खालच्या पायरीवर कर्ज होऊन बसते. आराखड्यात बदल का झाला, पुढील तिमाहीत ही गाडी चालू राहणार की बंद होणार, याची माहिती वर असते. नवे यंत्र घ्यावे की न घ्यावे हा निर्णय मात्र त्या माहितीवाचून खाली घ्यावा लागतो.

कराच्या यंत्रणेनेही असाच एक पालट घडविला. १ जानेवारी २०२२ पासून विक्रेत्याने आपले बिल विवरणात दाखविले असेल तरच खरेदीदाराला त्यावरील कराची वजावट मिळते. कर चुकविणाऱ्यांस पायबंद बसावा हा हेतू योग्यच आहे. पण परिणाम असा झाला, की कोणाकडून माल घ्यावा हा निर्णय आता भाव आणि दर्जा यांबरोबरच १४ तारखेच्या तक्त्यावरही अवलंबून राहतो. तक्त्यात बिल दिसेपर्यंत कराची रक्कम रोखून धरणारे खरेदीदार पुष्कळ आहेत. पुंडलिकनगरातील त्या हिशेबनिसाच्या हातून एका बिलाचा क्रमांक चुकला तर चिकलठाण्यातील कारखानदाराचे पैसे महिनाभर अडतात. म्हणजे नोंदीचे मोल अतोनात वाढले आणि नोंद करणाऱ्याचे मोल होते तेथेच राहिले.

येथे कारकून वर्गाच्या जुन्या लढ्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाने संगणक आणावयाचे ठरविले तेव्हा कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी त्यास कडवा विरोध केला. बँकांतही तेच घडले. १९८३ मध्ये बँक संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात मर्यादित यंत्रवापराचा करार झाला, १९८४ मध्ये आणि पुन्हा १९८९ मध्ये रंगराजन समितीचे अहवाल आले आणि हळूहळू विरोध ओसरला. आज त्या विरोधास हसण्याची पद्धत आहे. यंत्रामुळे नोकऱ्या जातील, ही त्या वेळची भीती होती व तिच्यावरच सारा वाद झाला. नोंद करणाऱ्याचे शहाणपण वाया जाईल, ही भीती कोणी फारशी बोलून दाखविली नाही. जुन्या बँकेतील खातेवही लिहिणारा कारकून एखाद्या खात्यातील चमत्कारिक उलाढाल पाहून व्यवस्थापकाच्या खोलीत जाऊन सांगू शकत असे. नव्या यंत्रणेत तो रकाने भरतो. रकान्यात न बसणारे त्याचे निरीक्षण कोठे लिहावयाचे हे कोणी ठरविलेच नाही.

याची किंमत केवढी पडते हे मुंबईतील दोन प्रकरणांनी दाखविले. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्ट भागातील ब्रॅडी हाऊस शाखेतून हमीपत्रे परदेशी बँकांकडे ‘स्विफ्ट’ या संदेशयंत्रणेद्वारे जात राहिली. त्यांची नोंद बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत होत नव्हती, कारण दोन्ही यंत्रणा एकमेकींशी जोडलेल्याच नव्हत्या. देशाबाहेर हजारो कोटींची जबाबदारी उभी राहात होती आणि मुख्य कचेरीच्या पडद्यावर तिचा मागमूस नव्हता. या यंत्रणेच्या गैरवापराविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून बँकांना निदान तीनदा सावध केले होते. अखेर जानेवारी २०१८ मध्ये प्रकरण उघडकीस आले ते कोणत्याही यंत्रणेच्या इशाऱ्याने नव्हे. नव्या हमीपत्राची मागणी आली तेव्हा शाखेतील अधिकाऱ्यांनी शंभर टक्के रोख तारण मागितले. पूर्वी असे कधी लागत नव्हते, असे उत्तर आले. आणि पूर्वीची कागदपत्रे पाहू लागले तर ती दप्तरात नव्हतीच. नेहमीचा एक साधा प्रश्न कोणी तरी विचारला आणि सुमारे ११,४०० कोटी रुपयांचा आकडा जगासमोर आला. त्यानंतर दोन्ही यंत्रणा ३० एप्रिल २०१८ पर्यंत जोडा, असा आदेश निघाला.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण याहून बोलके आहे. तेथे यंत्रणा होती, नोंदीही होत्या. त्या हुकमाबरहुकूम केलेल्या होत्या. एका बांधकाम उद्योगसमूहाची ४४ कर्जखाती लपविण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखविण्यात आली, असे पोलिसांत दाखल झालेल्या तक्रारीत म्हटले होते. तपासणीस येणाऱ्यांनी ज्या याद्या पाहिल्या त्यांत हजारो लहान कर्जदार दिसत होते. म्हणजे बँक अगदी निरोगी. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदाराला स्वतःच्या खात्यातून प्रथम अवघे एक हजार रुपये काढता येत होते. निवृत्तिवेतनावर जगणारी माणसे शाखांच्या पायऱ्यांवर बसून राहिली. एकवीस हजार खोट्या नावांच्या याद्या तयार करणे हे एकदोघा वरिष्ठांच्या हातचे काम नव्हे. त्या कोणी तरी बसून उतरविल्या असणार. उतरविणाऱ्याला ‘हे मी लिहिणार नाही’ असे म्हणण्याची सोय नसेल, तर जगातील सर्वांत महाग यंत्रणाही निर्णय घेणाऱ्याला आंधळा करून सोडते.

हे झाले खोट्या माहितीविषयी. खरी माहितीही निर्णयाच्या आड येऊ शकते, ही गोष्ट कमी ध्यानात घेतली जाते. रसेल ॲकॉफ या अमेरिकन विचारवंताने १९६७ मध्येच दाखवून दिले होते, की व्यवस्थापकाला उपयुक्त माहितीची चणचण असते त्याहून अधिक त्रास निरुपयोगी माहितीच्या सुकाळाचा होतो. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेल्या हर्बर्ट सायमन यांनीही, माहिती वाढली की लक्ष देण्याची माणसाची शक्ती अपुरी पडते, हे १९७१ मध्ये सांगून ठेवले होते. आज लहान कारखानदाराच्या मोबाइलवरही विक्रीचे रंगीत आलेख येतात. ते पाहून तो खूश होतो किंवा चिंतातुर होतो. ठरवीत काहीच नाही. कारण प्रश्न त्याने विचारलेला नसतो. हिशेबाची संगणकप्रणाली बनविणाऱ्याला जे दाखविणे सोपे गेले ते त्याने दाखविलेले असते.

एक साधे उदाहरण घ्यावे. समजा, एका शेडमध्ये एकाच यंत्रावर दोन प्रकारचे भाग तयार होतात. पहिला भाग ४० रुपयांस जातो आणि त्यास २६ रुपयांचा कच्चा माल लागतो. दुसरा २५ रुपयांस जातो, त्याचा कच्चा माल १४ रुपयांचा. विक्रीचा तक्ता सांगेल की पहिला भाग मोलाचा. नगामागे १४ रुपये सुटतात, दुसऱ्यात ११ च. आता यंत्रावर लागणारा वेळ पाहावा. पहिल्यास ४ मिनिटे लागतात, दुसऱ्यास २. एका तासात पहिल्याचे १५ नग होतात व २१० रुपये सुटतात. दुसऱ्याचे ३० होतात व ३३० सुटतात. यंत्र एकच असेल आणि दोन्ही भागांना गिऱ्हाईक असेल, तर तक्ता ज्याला दुय्यम ठरवितो तोच भाग धंद्याला तारणारा आहे. यासाठी कोणतीही नवी यंत्रणा विकत घ्यावी लागत नाही. यंत्रावरील कामगाराने पाळीच्या अखेरीस किती नग झाले, किती नाकारले गेले आणि यंत्र किती वेळ बंद होते, एवढे तीन आकडे वहीत लिहिले तरी पुरे. पण हे आकडे कर खाते मागत नाही, बँक मागत नाही, खरेदीदारही मागत नाही. म्हणून ते कोणी लिहीत नाही. कारखानदाराच्या संगणकात दुसऱ्यांनी मागितलेली सर्व माहिती असते. त्याला स्वतःला लागणारी तेवढी नसते.

याचा दोष केवळ सरकारवर वा बड्या कंपन्यांवर टाकून मोकळे होता येणार नाही. हिशेबनीस म्हणजे कर भरून देणारा माणूस, अशी समजूत लहान उद्योजकांनीच करून घेतली आहे. महिनाअखेरीस त्याच्यासमोर बसून तासभर प्रश्न विचारणारे मालक थोडे. कोणाचे येणे साठ दिवसांच्या पलीकडे गेले? कोणत्या मालाची नापसंती वाढली? गेल्या वर्षी याच महिन्यात विजेचे बिल किती होते? उत्तरे त्याच संगणकात असतात. महाविद्यालयांचाही यात वाटा आहे. संगणकावर बिल कसे चढवावे हे तेथे शिकवितात आणि विद्यार्थी कोणती कळ दाबावी हे पाठ करतो. चढविलेल्या बिलांवरून कोणता निर्णय निघतो, हे विचारणारी प्रश्नपत्रिका क्वचितच निघत असेल. शिक्षकांनी मनावर घेतले तर ही उणीव एका वर्षात दूर होण्यासारखी आहे. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या शेडचा तीन महिन्यांचा हिशेब वर्गात सोडविण्यास देणे काही अवघड नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नोंदींचा लाभ लहानांना मुळीच मिळत नाही असे नाही. येणे असलेल्या बिलावर आगाऊ पैसा उभा करून देणारी व्यवस्था रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने २०१७ पासून चालू आहे व ठरावीक उलाढालीपेक्षा मोठ्या कंपन्यांना तीत नाव नोंदविणे सक्तीचे आहे. ही मर्यादा पूर्वी ५०० कोटींची होती, ती नोव्हेंबर २०२४ मध्ये २५० कोटींवर आणण्यात आली. घर गहाण न ठेवता उलाढालीच्या नोंदींवर कर्ज देण्याची प्रथाही मूळ धरीत आहे. नीट हिशेब ठेवणाऱ्याला हा खरोखरीचा आधार आहे, आणि वहीच न ठेवणाऱ्या धंदेवाल्याने यंत्रणेच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

मात्र ज्या एका माहितीवाचून लहान कारखानदार सर्वाधिक नाडला जातो, ती अजून त्याच्या हाती सुलभपणे येत नाही. ती म्हणजे खरेदीदार पैसे केव्हा देतो ही. २००६ च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावयास हवेत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देणे बंधनकारक आहे. २०१७ मध्ये तक्रारीसाठी ‘समाधान’ नावाचे दालनही उघडण्यात आले. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने, मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून दाखविता येणार नाही, अशी करविषयक तरतूद झाली. इतके असूनही तक्रार करण्यास लहान पुरवठादार धजत नाही. तक्रार केली तर पुढील महिन्याचे वेळापत्रक पडद्यावर येईलच, याची त्याला खात्री नसते. खरेदीदाराच्या संगणकाला मात्र कोणते बिल किती दिवस राहिले हे एका दिवसाचीही चूक न होता ठाऊक असते. म्हणजे विलंब अज्ञानातून होत नाही. तो ठरवून झालेला निर्णय असतो.

या बाबतीत करावयाचे काम फार मोठे नाही. जानेवारी २०१९ च्या आदेशानुसार, सूक्ष्म व लघु उद्योगांची ४५ दिवसांहून अधिक थकलेली देणी कंपन्यांना दर सहामाहीस कारणांसह सरकारला कळवावी लागतात. ही विवरणे दप्तरात पडून राहण्यापेक्षा, ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी चिकलठाण्यातील कारखानदाराला खरेदीदाराचे नाव घालून त्याच्या थकबाकीचा गेल्या चार-पाच वर्षांचा इतिहास एका पानावर, मराठीत आणि विनाशुल्क पाहता आला पाहिजे. बँक कर्ज देण्यापूर्वी त्याचा पूर्वेतिहास तपासते आणि त्यात कोणास काही गैर वाटत नाही. उधारीवर माल देणारा हाही एक प्रकारे कर्जच देत असतो. ही सोय करण्यासाठी पुंडलिकनगरातील त्या हिशेबनिसाला एकही जादा रकाना भरावा लागणार नाही.